तांब्याच्या जोडीवरचे ब्रॉडबँड

१४ जानेवारी २००५ रोजी भारत संचार निगमने ‘डेटावन’ ही ब्रॉडबँड सेवा सुरू केली. त्याच सुमारास मुंबई-दिल्लीत महानगर टेलिफोन निगमची ‘ट्रायबँड’ आली. दोन्ही सेवांचे मोठे आकर्षण एकच होते. घरात फोन असेल तर नवी तार ओढायची नाही, रस्ता खणायचा नाही, सोसायटीच्या सेक्रेटरीकडे परवानगीसाठी खेटे घालायचे नाहीत. आज वीस वर्षांनी त्या तांब्याच्या तारा बहुतेक घरांतून निघाल्या आहेत आणि ‘तांबे जुने झाले, फायबर आले’ एवढ्या वाक्यात सारा हिशेब मिटवला जातो. तो इतक्या स्वस्तात मिटण्यासारखा नाही. तंत्राने कबूल केलेले काम बऱ्यापैकी केले. अंगाशी आला तो एक समज, की तार आधीच टाकलेली आहे म्हणजे आता तिच्यावर खर्च नाही. या समजाची किंमत ग्राहकाच्या दिवाणखान्यापासून दिल्लीतल्या धोरणापर्यंत सगळ्यांनी मोजली. फायबरच्या बाबतीत तोच समज पुन्हा डोके वर काढतो आहे, म्हणून हा हिशेब आज पुन्हा मांडायला हवा.

आधी तंत्राची बाजू. माणसाच्या बोलण्यासाठी टेलिफोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच पट्टी वापरतो. तांब्याची जोडी मात्र याच्या शेकडो पट वरच्या वारंवारता वाहून नेऊ शकते. एक्स्चेंजमधली यंत्रे मुद्दाम आवाजापुरतीच पट्टी पुढे जाऊ देत, म्हणून डायल-अपचे मोडेम ५६ किलोबिटवर अडकले आणि इंटरनेट चालू असताना फोन एंगेज लागू लागला. एडीएसएलने, म्हणजे या नव्या सेवांमागच्या तंत्राने, हा वरचा मोकळा भाग उपयोगात आणला. सुमारे २५ किलोहर्ट्झपासून १.१ मेगाहर्ट्झपर्यंतची पट्टी ४.३ किलोहर्ट्झच्या लहान लहान वाहिन्यांत विभागायची, प्रत्येक वाहिनीवर गोंगाट किती आहे ते मोजायचे आणि जिथे शांतता आहे तिथे जास्त माहिती भरायची. स्टॅनफर्डच्या जॉन चिऑफी यांच्या कामातून ही पद्धत उभी राहिली. चढती आणि उतरती गती समान ठेवण्याचा हट्ट सोडावा, हा विचार बेलकोरचे जोसेफ लेक्लायडर यांचा. एका केबलीत शेजारी शेजारी असलेल्या जोड्या एकमेकींत गोंगाट मिसळतात आणि घराकडून थकून येणाऱ्या संदेशाला तो एक्स्चेंजजवळ सर्वांत जास्त बाधतो, हे त्यामागचे कारण. गंमत अशी की या तंत्राकडे पहिल्यांदा पाहिले गेले ते फोनच्या तारेवरून घरोघरी सिनेमा पोचवण्याच्या इराद्याने. इंटरनेट नंतर आले आणि तयार तंत्रावर येऊन बसले. पुढच्या एडीएसएल-टू-प्लसने पट्टी २.२ मेगाहर्ट्झपर्यंत ताणली आणि कागदावरची कमाल गती २४ मेगाबिटवर नेली.

‘कागदावरची’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण वारंवारता जितकी वरची तितकी ती तांब्यात लवकर विरते. एक्स्चेंजपासून किलोमीटरभराच्या आत वीस मेगाबिटच्या आसपास मिळू शकतात, तीन किलोमीटरवर सात-आठ, आणि पाच किलोमीटरवर एक-दोन मिळाले तरी नशीब. हे अंतर नकाशावरचे नसते, तारेचे असते. एक्स्चेंजमधल्या मुख्य फ्रेमपासून, म्हणजे एमडीएफपासून, जोडी जाड केबलीतून रस्त्यावरच्या पिलरपर्यंत येते, तिथून लहान केबलीतून इमारतीजवळच्या डीपी बॉक्सपर्यंत, आणि तिथून ड्रॉप वायरने घरात. खिडकीतून एक्स्चेंजची इमारत दिसत असली तरी पिलर उलट दिशेला असेल तर जोडी वळसा घालून येते आणि ग्राहकाला कळत नाही की शेजारच्या इमारतीत आठ मेगाबिट असताना आपल्याकडे तीनच का. शिवाय या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर जोड असतो. जमिनीखालच्या केबलीत पाणी शिरू नये म्हणून जेली भरलेली असते, पण जेसीबीने तुटलेली केबल घाईत जोडली आणि जोडाचे आवरण नीट बंद झाले नाही तर पहिल्याच पावसात तिथे ओल शिरते आणि तांब्यावर हिरवा गंज चढतो. आवाजाला असा जोड बराच काळ चालतो. थोडी खरखर होते, माणूस ‘हॅलो, हॅलो’ म्हणत मोठ्याने बोलतो आणि भागवून नेतो. मेगाहर्ट्झमधल्या संदेशाला हे भागवून नेणे जमत नाही. म्हणजे जी तार ‘आहेच’ म्हणून गृहीत धरली होती ती आवाजासाठी होती. तिच्याकडून आता कितीतरी कडक काम घ्यायचे होते, आणि त्यासाठी तिचा जोडन् जोड तपासायला हवा होता.

घरातली मांडणी पाहिली की हे जास्त स्पष्ट होते. बाहेरून येणारी तार आधी स्प्लिटरच्या, म्हणजे आवाज आणि डेटा वेगळे करणाऱ्या डबीच्या, ‘लाइन’ खाचेत, मग एका खाचेतून फोन, दुसरीतून मोडेम. एवढेच काम. पण आपल्याकडे फोन एकाच जागी राहिलेला नसतो. हॉलमधून बेडरूममध्ये पॅरलल ओढलेला असतो, कधी स्वयंपाकघरातही एक, आणि ही तार वायरमनने दाराच्या चौकटीवरून खिळे मारत नेलेली असते. स्प्लिटर हॉलमधल्या फोनपाशी बसवला आणि पॅरलल त्याच्या आधीच फुटलेला असला, तर तो दुसरा फोन गाळणीशिवायच लाइनवर राहतो. त्याचे लक्षण ठरलेले : फोन वाजला किंवा कोणी तो उचलला की नेट जाते. घंटीसाठी एक्स्चेंजकडून पाऊणशे व्होल्टच्या आसपासचा पर्यायी दाब येतो, आणि गाळणी नसली किंवा वाटेतला जोड कच्चा असला की मोडेमची पकड सुटते. उपाय दोनच आहेत. स्प्लिटर घरात तार शिरते त्या पहिल्या जागी बसवावा आणि सगळे फोन त्याच्या ‘फोन’ खाचेपुढे न्यावेत, किंवा प्रत्येक फोनला वेगळी गाळणी लावावी. पहिला उपाय स्वस्त आणि टिकाऊ. मोडेम मात्र त्या पहिल्या जागेच्या शक्य तितका जवळ असावा. संगणक लांब असेल तर टेलिफोनची तार लांबवण्यापेक्षा नेटवर्कची केबल लांबवावी, कारण नेटवर्क केबलीला शंभर मीटरपर्यंत काही होत नाही आणि चपट्या टेलिफोन वायरीचे दहा मीटरसुद्धा जास्त होतात.

मोडेमच्या मांडणीची लोकांना उगाच भीती वाटे. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता टाकायचा, व्हीपीआय-व्हीसीआय भरायचे (भारत संचार निगमसाठी ० आणि ३५), पीपीपीओई निवडायचे आणि मिळालेले नाव-पासवर्ड टाकायचे. हे एकदाच करायचे काम आहे. रोज पाहण्यासारखे असते ते दुसरेच पान, लाइनच्या स्थितीचे. त्यावर डेसिबलमध्ये दोन आकडे असतात. एक संदेशाची झीज. हा अंतराचा आकडा, तो सहसा बदलत नाही. दुसरा गोंगाटावरची शिल्लक, म्हणजे एसएनआर मार्जिन. ही शिल्लक सहाच्या खाली आली की लाइन तुटू लागते, दहाच्या वर असली की निश्चिंत. झीज तीच आहे आणि शिल्लक मात्र पावसात बारावरून पाचवर आली, तर दोष घरात शोधण्यात अर्थ नाही. कुठला तरी जोड भिजलेला आहे. मोडेमवरचा डीएसएलचा दिवा लुकलुकत राहिला तर दोष तारेचा, तो स्थिर असून इंटरनेटचा दिवा लागत नसेल तर दोष नाव-पासवर्डचा किंवा त्यापुढच्या यंत्रणेचा. आणखी एक चमत्कारिक प्रकार घडतो. जोडीतली एक तार सुटली तर फोन पूर्ण डेड होतो, पण डीएसएल उरलेल्या एका तारेवर लंगडत का होईना, चालू राहू शकते. उलट फोन स्वच्छ चालतो आणि डीएसएल धरत नाही, हे तर नेहमीचेच. ‘डायल टोन आहे ना, मग लाइन ठीक आहे’ हे तक्रार नोंदवताना ऐकू येणारे वाक्य म्हणून अर्धवट खरे. त्या एका वाक्याने असंख्य तक्रारी न सुटताच बंद झाल्या असतील. हे दोन आकडे वाचायला ग्राहकाला कोणी शिकवले नाही आणि लाइनमनच्या हातातही बहुतेक वेळा साधा तपासणीचा फोनच असे. सेवा मेगाहर्ट्झची आणि तपासणी डायल टोनची, अशी ही तफावत होती.

आता धोरणाकडे. १४ ऑक्टोबर २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड अशी व्याख्या केली आणि २००५ अखेर ३० लाख, २००७ अखेर ९० लाख, २०१० अखेर २ कोटी जोडण्यांचे लक्ष्य ठेवले. २०१० संपताना प्रत्यक्ष आकडा होता १ कोटी १० लाखांच्या आसपास. लक्ष्य चुकणे आपल्याला नवीन नाही, पण ते कुठल्या वळणावर चुकले हे पाहण्यासारखे आहे. धोरण येण्याआधी, २००४ च्याच एप्रिलमध्ये, दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, सरकारी कंपन्यांची तांब्याची जोडी इतर सेवादारांनाही भाड्याने वापरू द्यावी अशी शिफारस केली होती. धोरणाने ती सक्तीची केली नाही. कंपन्यांनी आपसात व्यापारी करार करावेत, एवढ्यावर ते थांबले. जपानने उलट केले. तिथे एनटीटी या मुख्य दूरध्वनी कंपनीला आपली लाइन इतरांना ठरावीक दराने खुली करावी लागली. २००१ मध्ये सॉफ्टबँकेने ‘याहू बीबी’ स्वस्तात उतरवली आणि पाचेक वर्षांत जपानमधल्या एडीएसएल जोडण्या जवळपास दीड कोटींवर गेल्या. ब्रिटनने २००६ मध्ये तार सांभाळणारा विभाग ‘ओपनरीच’ या नावाने वेगळा काढला. तार एकाची आणि तीवरची सेवा अनेकांची, अशी ती व्यवस्था. तार चांगली ठेवणे हाच ज्याचा धंदा, त्याला तिच्याकडे दुर्लक्ष परवडत नाही.

जोड्या अशा खुल्या करण्यावर आक्षेप होता आणि तो फालतू नव्हता. ही तार जनतेच्या पैशाने टाकली गेली, खेड्यापाड्यांत तोट्यात चालवली गेली. खासगी कंपन्या शहरातल्या चांगल्या जोड्या उचलतील आणि गडचिरोली-नंदुरबारच्या लाइनांचा बोजा सरकारी कंपनीवर राहील. शिवाय आपल्याकडे जोड्या मुळात कमी. २००५-०६ मधले चार-पाच कोटी लँडलाइन सव्वाशे कोटींकडे निघालेल्या देशासाठी काहीच नाहीत, आणि त्यातही कितीतरी लांबच्या किंवा जुन्या. दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. जोड्या सगळ्यांना खुल्या केल्या असत्या तरी भारताचा जपान झाला नसता. पहिला मुद्दा अर्धाच टिकतो. भाड्याचा दर देखभालीच्या खर्चावरून ठरवता आला असता आणि त्या भाड्यातून दुर्गम भागाची सोय लावता आली असती. राखून ठेवलेल्या जोड्यांचे शेवटी काय झाले? २०२० च्या सुमारास देशात उरलेले लँडलाइन दोन कोटींवर आले. जे वाचवायचे म्हणून मुठीत धरले, ते मुठीतच वाळून गेले.

दरम्यान ग्राहकाला मिळत होते ते मोजून-मापून. सुरुवातीच्या योजनांत महिन्याला चारशे मेगाबाइट ते एक गिगाबाइट एवढीच मर्यादा होती आणि लोकप्रिय पाचशे रुपयांच्या योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ मोकळीक. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत इंजिनिअरिंगची मुले दोनचा गजर लावून डाउनलोड सुरू करत आणि आठच्या आत बंद करत, हा त्या काळाचा खरा सामाजिक इतिहास आहे. तो कोणी लिहिलेला नाही. २००७ मध्ये सरकारी कंपन्यांनी गती दोन मेगाबिटपर्यंत वाढवली, पण मर्यादा तीच राहिल्यामुळे ती फक्त लवकर संपू लागली. व्याख्येतली गती २५६ वरून ५१२ किलोबिटवर जायला २०१३ उजाडले आणि दोन मेगाबिटवर जायला २०२३. तोपर्यंत चाक उलटे फिरू लागले होते. लाइन वारंवार बंद पडते म्हणून ग्राहक फोन सरेंडर करतो, उत्पन्न घटते, म्हणून देखभाल कमी होते, म्हणून शेजाऱ्याची लाइन बंद पडते. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आले आणि मोबाइलवरचा डेटा इतका स्वस्त झाला की लँडलाइनचे भाडे भरायला कारणच उरले नाही. जानेवारी २०२० अखेर स्वेच्छानिवृत्ती घेऊन भारत संचार निगममधले सुमारे ७८ हजार आणि महानगर टेलिफोन निगममधले १४ हजारांहून अधिक कर्मचारी एकदम बाहेर पडले. त्यांत जमिनीखालची कुठली केबल कुठे वळते, कुठल्या पिलरमध्ये कुठली जोडी मोकळी आहे, हे नुसत्या आठवणीने सांगणारी पिढी होती. आर्थिकदृष्ट्या तो निर्णय टाळता आला असता का हा वेगळा वाद. तांब्याच्या जाळ्यापुरते पाहिले तर त्याचा जिवंत नकाशा त्या दिवशी गेला.

‘तांबे जाणारच होते’ असे म्हणणारे ब्रिटन-जपानकडे बोट दाखवतात. ते खरेही आहे. जपानच्या एनटीटीने एडीएसएल २०२३ मध्ये बहुतेक भागांत बंद केले, ब्रिटनमध्ये २०२३ पासून तांब्यावरच्या नव्या टेलिफोन जोडण्या विकणे थांबले असून जुने टेलिफोन जाळे जानेवारी २०२७ पर्यंत बंद व्हायचे आहे. पण तिथे तांबे सेवा बजावून निवृत्त झाले. ब्रिटनने फायबर रस्त्यावरच्या कॅबिनेटपर्यंत आणून शेवटच्या काहीशे मीटरांत व्हीडीएसएल, म्हणजे याच तंत्राचा जास्त वेगवान प्रकार, चालवले आणि त्याच जुन्या जोडीतून कोट्यवधी घरांना पन्नास-साठ मेगाबिटपर्यंत दिले. मधली दहा-पंधरा वर्षे भागली आणि त्या काळात फायबर टाकायला सवड मिळाली. आपल्याकडे मधला टप्पा जवळजवळ आलाच नाही. २०२० मध्ये टाळेबंदीत शाळा आणि कचेऱ्या घरात आल्या तेव्हा देशात तारेवरच्या ब्रॉडबँड जोडण्या दोन कोटींच्याही आत होत्या, आणि चार माणसांचे घर एका मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालत होते. मोबाइलने ती पोकळी भरली असे म्हणणाऱ्यांनी त्या वर्षी एका फोनभोवती आळीपाळीने बसलेली भावंडे आठवावीत.

त्यानंतर फायबर झपाट्याने पसरले, तारेवरच्या जोडण्या चार कोटींच्या घरात गेल्या, ही चांगलीच गोष्ट. काचेच्या तंतूला गंज लागत नाही, अंतराने गती मरत नाही, ओलीचे भय कमी. पण शेवटच्या शंभर मीटरांचा प्रश्न तंतू बदलल्याने सुटत नाही. आपल्या शहरांत हा तंतू बऱ्याच ठिकाणी विजेच्या खांबावरून, झाडाच्या फांदीवरून, एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर लोंबत येतो. शेवटचा टप्पा पुष्कळदा स्थानिक केबलवाल्याकडे असतो, आणि महापालिकेने तारा कापल्या किंवा फांदी पडली की कंपनी केबलवाल्याकडे व केबलवाला कंपनीकडे बोट दाखवतो. तांब्याची एक सोय तर कायमची गेली. जुन्या फोनला एक्स्चेंजच्या बॅटरीवरून ४८ व्होल्ट मिळत, त्यामुळे कोकणात चार दिवस वीज गेली तरी लाइन शाबूत असेपर्यंत तो वाजे. फायबरवरचा फोन घरातली वीज गेली की गप्प, इन्व्हर्टर असला तरच चालणार. नवी तार चांगली आहे म्हणून तिच्याकडे पाहायचे नाही, असा व्यवहार चालू राहिला तर दहा वर्षांनी हीच कैफियत फायबरची लिहावी लागेल.

राहता राहिला आजच्या ग्राहकाचा प्रश्न. फायबर दारापर्यंत आले असेल तर तांब्यावर राहण्यात काही अर्थ नाही, हे स्पष्ट म्हणायला हरकत नसावी. अनेक ठिकाणी जुना नंबर कायम ठेवून फायबरवर जाता येते. अर्ज करताना ते आधी विचारा, कारण एकदा सरेंडर झालेला नंबर परत मिळवणे अवघड. तांब्याचे कनेक्शन बंद केलेच तर अनामत रक्कम परत मागा, ती तुमची आहे आणि न मागता क्वचितच येते. फायबर अजून पोचले नसेल आणि घर एक्स्चेंजपासून दोन-अडीच किलोमीटरच्या आत असेल, तर डीएसएल आजही मेल, व्हिडिओ कॉल आणि मुलांच्या अभ्यासाला पुरते, फक्त स्प्लिटर पहिल्या जागी हवा आणि एसएनआरचा आकडा कोरड्या दिवसात एकदा लिहून ठेवलेला हवा. तक्रार करताना ‘नेट चालत नाही’ म्हणण्याऐवजी तो जुना आणि आजचा आकडा सांगा, डॉकेट नंबर घ्या आणि तारीख लिहा. तांबे असो वा फायबर, दोष दिवसेंदिवस तसाच पडून राहिला तर त्या काळाच्या भाड्यात सूट मागा. ट्रायच्या सेवा-गुणवत्तेच्या नियमांत तिची तरतूद आहे.